जाकडाची जीप

मी आयुष्यभर लोकांना मोटारी घेऊन दिल्या आणि स्वतः सायकलवर फिरलो. बुऱ्हाणपुरात याचं कुणाला नवल वाटलं नाही. आमच्या पेठेत लग्नं जुळवणारे एक गृहस्थ होते, ते शेवटपर्यंत ब्रह्मचारी राहिले. त्यामुळे मोटारींच्या दलालाकडे मोटार नसणं लोकांना रीतसरच वाटायचं.

दलाल हा शब्द माझ्या घरात चालत नाही. बायको शेजारणींना सांगते, "हे मोटारीचं पाहतात." पाहतात म्हणजे काय, ते सांगतो. ज्याला मोटार विकायची असते त्याच्यापुढे मी तोंड वाईट करतो. ज्याला घ्यायची असते त्याच्यापुढे तोंड गोड करतो. दोघं समोरासमोर आले की मधे उभा राहून चेहरा कोरा ठेवतो. लहानपणी मी गणपतीच्या मेळ्यात एकाच नाटकात राजा, राक्षस आणि राणीची दासी अशी तीन कामं केली होती. ते शिक्षण वाया गेलं नाही.

धंदा मी अजून करतो, पण खरी मजा त्या वर्षांत होती, जेव्हा देशाचे तुकडे जोडून नवे नकाशे निघत होते. संस्थानं विलीन झाली होती. आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली होती. आम्ही आमच्या जागी बसून होतो आणि प्रांत आमच्या खालून सरकत होते. या उलथापालथीत मोटारी मोकळ्या व्हायच्या. लढाई संपल्यावर पलटणीच्या जीपा लिलावात निघाल्या, त्या शिकारीसाठी राजेलोकांनी घेतल्या. मग राज्यं गेली, शिकारी थंडावल्या आणि जीपा तबेल्यात घोड्यांच्या जागी उभ्या राहिल्या. तिथून पुढे माझं काम सुरू व्हायचं.

जीप म्हणजे काय, ते ज्यांनी फक्त चित्रात पाहिली त्यांच्यासाठी सांगतो. साध्या मोटारीत इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना जातो. पुढची दोन नुसती वाट दाखवतात. जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन लहान दांडे असतात. त्यातला एक ओढला की पुढची चाकंही ओढायला लागतात. आमच्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडी आसापर्यंत बसते, तिथे या एका दांड्याची किंमत कळते.

आणि जुनी जीप घेताना काय पाहायचं? लोक रंग पाहतात, गादी पाहतात, भोंगा वाजवतात. देडतलाईचे एक किराणा दुकानदार तर नुसते मागच्या बाकावर बसून पाहायचे. दर बाजाराला येऊन म्हणायचे, "चक्कर मारून आणा, मग ठरवू." चक्कर प्रत्येक वेळी त्यांच्या साडूच्या दुकानावरून जायची. साडूनं पाहिलं की यांचं समाधान व्हायचं आणि गाडीत काहीतरी खोट निघायची. मी मात्र आधी गाडीखाली उताणा झोपतो आणि मग गिअरपेटीच्या तेलात बोट बुडवून वास घेतो. झिजलेले गिअर फार आवाज करतात, तेव्हा काही हुशार लोक पेटीत पिकलेली केळी सोलून टाकतात. आवाज काही दिवस गप्प बसतो. बुऱ्हाणपुरात केळ्यांना तोटा नाही, त्यामुळे आमच्याकडे ही कला फार बहरली. तेलाला गोड वास आला की मी नमस्कार करून उठतो.

तर असा मी पेट्रोल पंपाजवळच्या हॉटेलात चहा पीत बसलो असताना फोपनारचे सुपडू पाटील माझ्यापुढे येऊन उभे राहिले. पाटलांची केळी आणि कपाशी, आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. त्यांच्या मागे त्यांची मुलगी केसर उभी होती.

"जगूभाऊ, एक जनावर पाहिजे," पाटील म्हणाले.

"पाटील, मी मोटारींचं पाहतो. बैलबाजार पलीकडे."

"मोटरचंच म्हनतो मी. चिखलात न बसनारं."

"आबा, जीप म्हणा," केसर मागून म्हणाली. "चारी चाकं ओढतात ती."

"तेच ते. चार पायाचं."

मग मी दोघांसाठी चहा सांगितला आणि हकीकत समजून घेतली. केसरची शाळा उशिरा सुरू झाली होती, म्हणून अठरा संपता संपता ती मॅट्रिक झाली. गणितात तिनं मास्तरांना घाम फोडला होता. शहरात नुकतेच कॉलेजचे वर्ग निघाले होते आणि तिला तिथं जायचं होतं. पाटलांना पोरीनं परक्या घरी राहणं मंजूर नव्हतं. रोज जायचं, रोज परत यायचं. पण सडकेपासून पाटलांच्या मळ्यापर्यंत काळ्या मातीची वाट आणि मधे एक नाला. पाऊस लागला की त्या वाटेनं शाळा शिकणाऱ्या पोरांची शाळा सुटायची, ती पुन्हा लागायची नाही.

"आन् तुकईथडचं एक स्थळ आलं आहे," पाटील चहा बशीत ओतत म्हणाले. "मान्सं चांगले आहेत. पोळ्याले येऊ म्हनतात बोलनीले."

केसर कपाच्या कानाकडे बघत होती. मग मान वर न करता म्हणाली, "काका, गाडी मीच चालवणार. बैलगाडी चालवते मी, आबांना विचारा."

"चालवते," पाटील म्हणाले. त्यांना अभिमान लपवता आला नाही आणि राग आणताही आला नाही, म्हणून त्यांनी बशीतला चहा एका घोटात संपवला.

अशी जीप मला एका संस्थानात सापडली. सातपुड्याच्या पलीकडे होतं. नाव सांगत नाही, कारण नाव संस्थानापेक्षा लांब होतं. राजेसाहेब कोठीच्या वरच्या मजल्यावर असायचे आणि खाली त्यांचे कामदार म्हणजे कारभारी सगळा व्यवहार बघायचे. राज्य जाऊन वर्षं लोटली होती, पण कामदारसाहेब फेटा उतरवायला तयार नव्हते. त्यांनी मला जीपसमोर नेलं आणि तिला मुजरा केला. मीही केला. धंद्यात कमीपणा मानू नये.

"जगन्नाथजी, हुजूर की सवारी है," ते म्हणाले. "आज तक रस्ते में बंद नहीं पडी."

ते खरंच होतं, कारण रस्त्यावर ती फारशी गेलीच नव्हती. हिरवा रंग तसाच, टायरांवर नव्या रबराचे केस तसेच. मी नेहमीप्रमाणे खाली उताणा झोपलो. कामदारसाहेबांना ते पाहवेना, ते तोंड फिरवून उभे राहिले. तेल चांगलं होतं, केळ्याचा वास नव्हता. पण इंजिनापासून पुढच्या चाकांकडे जोर नेणारा जो लांब लोखंडी दांडा असतो, तो जागेवर नव्हताच. म्हणजे गाडी नावाची चार चाकी ओढीची, कामाची दोनच.

विचारलं तर कुणालाच माहीत नाही. शेवटी तबेल्यातल्या जुन्या ड्रायव्हरनं हळूच सांगितलं की त्या दांड्याचा घूं घूं आवाज यायचा, हुजूरांची प्रवासात झोप मोडायची, म्हणून काढून ठेवला. कुठं ठेवला? त्यानं आतल्या दालनाकडे बोट केलं. तिथे भिंतीवर ढाली, तलवारी, भाले लावलेले, आणि दोन भाल्यांच्या मधोमध आमचा दांडा. वाळक्या झेंडूची माळ घातलेला. दसऱ्याला सगळ्या शस्त्रांबरोबर त्याचीही पूजा होत होती.

"वो तो हुजूर का हथियार है," कामदारसाहेब म्हणाले.

मी चेहरा कोरा ठेवला. माझ्या सगळ्या कारकिर्दीत इतका कोरा चेहरा मला पुन्हा जमला नाही. मी म्हणालो, "हथियार सवारीसोबत गेलं पाहिजे, साहेब. एकट्या सवारीला शोभा नाही." त्यांना पटलं. दांडा रेशमी कापडात गुंडाळून आला.

तो बसवून मी जीप घाटातून खाली आणली तेव्हा तिच्या प्रेमात पडलो होतो. दलालानं मालाच्या प्रेमात पडू नये. आजही एवढी एकच हळहळ आहे, की तेव्हा ती माझ्यासाठी ठेवून घ्यायची ऐपत नव्हती.

पाटलांच्या मळ्यात जीप पोचली तेव्हा पहिले पाऊस होऊन गेले होते. पाटील तिच्याभोवती फिरले. बॉनेटवर थाप मारली, चाकाजवळ बसून टायरच्या खाचा चाचपल्या.

"दात?"

"गिअरला असतात, पाटील. पण ते बंद पेटीत."

"मंग वय कसं ओळखता?"

"विकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून."

ते हसले नाहीत. म्हणाले, "जोडीचा बैल घेतो ना, तव्हा एकेकटा जुंपून पाहतो मी. एक ओढतो आन् दुसरा नुस्ता संगं चालतो. असे अंगचोर पुष्कळ पाहिले. तुमची पुढची चाकं अंगचोर नाहीत, हे कशावरून?"

मी इंजिन, पेटी, दांडा, सगळ्यात जास्त झिजतो तो पंख्याचा पट्टा, असं सुरू केलं. हात वर करून म्हणाले, "भाषन नको, जगूभाऊ."

त्यांनी गड्यांना हाक मारली. घड उतरलेल्या केळींचे चार खांब तोडून आणले, वरची साल सोलली आणि पाणी मारलं. सोललेला ओला केळीचा खांब कसा असतो ते ज्यांनी त्यावर पाय दिलाय त्यांना माहीत. मी दिला नव्हता. त्या दिवशी दिला आणि जमिनीवरून गाडीची तपासणी आपोआप झाली. जीपची मागची दोन्ही चाकं त्या खांबांवर घेतली, पुढची मातीवर.

"आता मांगची चाकं गेली कामातून. पुढच्यांनी ओढून दाखवावं."

मी उठून कपडे झटकले आणि गाडीत चढणार, तेवढ्यात केसर आधीच चढून बसली होती. पलटणीची जीप, म्हणून स्टिअरिंग डाव्या बाजूला. मी शेजारी उभा राहून सांगत होतो आणि ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. तिनं आधी पुढच्या चाकांचा लहान दांडा न ओढता गाडी गिअरमध्ये टाकली. मागची चाकं खांबांवर गरगर फिरली, केळीचा चीक उडाला, पाटलांच्या धोतरावर नक्षी झाली. गाडी जागेवरून हलली नाही. गडी हसायला लागले.

"ही अशी बसते, हे आधी पाहून घेतलं," केसर म्हणाली. मग दांडा ओढला आणि क्लच हळू सोडला. जीपनं पुढच्या दोन चाकांनी माती धरली, क्षणभर थरथरली आणि स्वतःला खांबांवरून खाली ओढून काढलं, जसा नदीतून म्हशीचा पुढचा भाग आधी वर येतो आणि मग बाकीची म्हैस. गड्यांनी शिट्ट्या मारल्या. केसरची आई ओट्यावर उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला, पण डोळे सगळं सांगत होते.

पाटील धोतर पुसत म्हणाले, "अंगचोर नाही. बरं. जाकड."

जाकड ही आमच्याकडच्या बैलबाजाराची रीत. घेणारा जनावर घरी नेतो, ठरल्या दिवसापर्यंत कामाला लावून पाहतो. खोट निघाली तर परत, पटलं तर सौदा पक्का. मोटार जाकडावर मी त्याआधी दिली नव्हती, त्यानंतरही दिली नाही.

"पोळ्यापर्यंत," पाटील म्हणाले. "पोळ्याचा दिवस धरून. रोज दिवेलागनीच्या आत पोरगी घरी दिसली पाहिजे. एक दिवस जरी या जनावरानं तिले वाटेत ठेवली, तर गाडी तुमची परत, पोरगी घरी, आन् तुकईथडच्या मान्सांले सुपारी. बोल केसर, कबूल?"

"कबूल," केसर म्हणाली. तिनं अजून स्टिअरिंग सोडलं नव्हतं.

कामदारसाहेबांना मी जाकड म्हणजे काय ते सांगितलं नाही. सांगितलं की हुजूरांची सवारी पोळ्यापर्यंत पाटलांकडे मेहमान म्हणून राहील. मेहमान हा शब्द त्यांना आवडला.

मग तो पावसाळा. केसरला लायसन मिळालं. देणाऱ्या साहेबांनी आधी तिला, मग जीपला, मग पुन्हा तिला पाहिलं आणि सही केली. रोज सकाळी हिरवी जीप पंपासमोरून कॉलेजकडे जायची आणि मी हॉटेलातून कप उंच करायचो. दुपार कलली की परत जायची. ती दिसली नाही तर माझा चहा गार व्हायचा. सौद्याची काळजी होती, हे खरं. पण तेवढीच नव्हती. त्या मुलीनं गाडीच्या बाजूला वह्यांची पिशवी अशी टांगलेली असायची की वाटायचं, पिशवीच गाडी ओढून नेतेय.

पाटलांचं मला गड्यांकडून कळायचं. रोज संध्याकाळी ते बांधावर जाऊन उभे राहायचे. जीप नाल्यातून वर आली की घराकडे वळायचे. केसरची आई दिवा लावायला हल्ली जरा रेंगाळते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं, पण त्यांनी तो विषय काढला नाही. आणि जीप कडुनिंबाखाली उभी राहिली की आपल्या हातानं तिच्या बॉनेटवर गोणपाट टाकायचे. तिचं नाव त्यांनी राजा ठेवलं होतं. राजाच्या घरून आली म्हणून नव्हे. त्यांच्या गोठ्यातल्या प्रत्येक चांगल्या बैलाचं नाव राजाच असायचं.

पोळ्याच्या दिवशी कॉलेजात चाचणी परीक्षा निघाली. पाटील सकाळी म्हणाले म्हणे, "आज कोनी जुंपत नाही." केसर म्हणाली, "बैल जुंपत नाही, आबा." आणि निघून गेली. मला पुरणपोळीचं आमंत्रण होतं आणि सौदा पक्का करायचा होता, म्हणून मी धुतलेलं धोतर, जरीकाठी उपरणं असा थाट करून दुपारी कॉलेजच्या फाटकाशी उभा राहिलो आणि केसरच्या शेजारी चढून बसलो.

"पेपर कसा गेला?"

"मस्त. पण काका, सकाळी राजा जरा गरम झाला होता. पाणी टाकलं मी."

"चिखलानं होतं," मी तज्ज्ञासारखं म्हणालो.

सडक सुटली आणि मातीची वाट लागली. तिनं दांडे ओढले, गाडी लहान गिअरमध्ये गुरगुरत चालली. थोड्या वेळानं मला वास आला. चांगला वास होता.

"केसर, कुणाच्या घरी तूप कढतंय?"

"काका, इथं घर कुठंय?"

दोन्हीकडे नुसती कपाशी. आणि मग बॉनेटच्या फटींतून वाफ आली. नाल्याच्या अलीकडे केसरनं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, आम्ही बॉनेट उचललं.

मी पुष्कळ इंजिनं पाहिली आहेत. पण हळद लावलेलं इंजिन तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. इंजिनापुढे एक पंखा असतो आणि तो पंखा व पाणी फिरवणारा पंप, दोन्ही एका रबरी पट्ट्यावर फिरतात. तो पट्टा पिवळाधमक झाला होता. हळद आणि लोणी, चांगलं चोपडून, आतून-बाहेरून. पट्टा नुसता घसरत होता. पंखा बसून, पंप बसून, आणि लोणी कढून तूप होत होतं.

केसरनं पट्ट्यावरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि चिखलातच खाली बसली. ती हसत होती, आवाज न काढता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"काका, काल खांदेमळणी होती."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळतात. वर्षभर जू तिथे घासतं, म्हणून. पाटलांनी गोठ्यातले बैल मळले आणि मग लोण्याची वाटी घेऊन कडुनिंबाखाली गेले.

हसू ओसरलं तेव्हा तिनं आभाळाकडे पाहिलं. पावसाळी दिवस, उजेड लवकर उतरत होता. गावाकडून ढोल ऐकू येत होते; बैलांची मिरवणूक निघाली होती.

"काका, दिवे लागतील," ती म्हणाली आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणाला हात घालायला गेली. मी तिचा हात धरला. तापलेल्या टाकीचं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. थांबणं हाच एक उपाय होता, आणि त्या वेळी थांबण्याइतकं कठीण दुसरं काही नव्हतं. तोवर आम्ही पट्टा पुसायचा ठरवलं. पेट्रोलच्या टाकीतून नळीनं थोडं पेट्रोल काढलं. फडकं म्हणून गाडीत काही नव्हतं. केसरनं माझ्या उपरण्याकडे पाहिलं.

"हे लग्नातलं आहे," मी म्हणालो.

तिनं नुसता हात पुढे केला. जरीकाठासकट दिलं.

पट्टा आणि तो ज्यांवरून फिरतो त्या कप्प्या घासून कोरड्या केल्या, इंजिन निवल्यावर तिच्या जेवणाच्या डब्यानं नाल्याचं पाणी आणून टाकी भरली. जीप सुरू झाली, पंखा फिरला, नाला ओलांडला. पण मळ्यात शिरलो तेव्हा ओट्यावर, गोठ्यात, तुळशीशी, सगळीकडे दिवे लागलेले होते. सणाचा दिवस, पाहुणे आलेले. केसरच्या आईला रेंगाळायला वाव नव्हता.

ओट्यावर पाटील बसले होते आणि त्यांच्या शेजारी तुकईथडहून आलेले मुलाचे मामा. मामा खाकनारकडच्या बैलबाजारात जुने पारखी. तिकडे सौद्यात भांडण झालं की निवाडा त्यांच्याकडे जायचा.

"दिवे लागले, जगूभाऊ," पाटील म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता.

"लागले."

"म्हनजे राजा वाटेत बसला."

"बसला."

माझी तिन्ही तोंडं त्या वेळी एकदम बंद पडली होती. केसर पुढे झाली आणि माझं पिवळं उपरणं तिनं ओट्यावर ठेवलं.

"आबा, काल राजाचे खांदे मळले का?"

"मळले तर. त्याचा सन नाही काय? माझ्या पोरीले इतक्या दिवसांचा नेतो, आनतो."

"लोणी कुठं लावलं?"

"पट्ट्याले. जगूभाऊनंच सांगितलं होतं, सगळ्यात जास्त झिजतो तो पट्टा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुरणाच्या वासाकडे लक्ष दिलं.

केसरनं मग शांतपणे सांगितलं: लोण्यानं पट्टा घसरतो, पंखा थांबतो, इंजिन तापतं. बापाकडे बोट न करता, शाळेत गणित सोडवावं तसं. पाटलांच्या मिशा हळूहळू खाली आल्या.

"म्हनजे मीच बसवला त्याले."

त्यांनी पिवळं उपरणं उचलून वास घेतला.

"पन बोली ते बोली," ते उपरणं खाली ठेवत म्हणाले. "दिवे लागले. मी मागं नाही सरत."

मामांनी तोंडातला विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "पाटील, जाकडावर होतं ना जनावर?"

"हो."

"मंग बाजारात काय करतो आपन? जाकडावरच्या जनावराले घेनाऱ्याच्या गोठ्यात, घेनाऱ्याच्या हातून काही झालं तर?"

पाटील मिशी चोळायला लागले. त्यांना माहीत होतं. मला माहीत नव्हतं, म्हणून मी विचारलं.

"तर जाकड तिथंच मोडलं," मामा म्हणाले. "जनावर घेनाऱ्याचं. परत नाही करता येत. ज्या घटकेले लोनी लागलं त्या घटकेले हा राजा तुमचा झाला, पाटील. सौदा कालच पक्का झाला. आजचा उशीर जाकडात धरायचाच नाही."

"मामा," पाटील म्हणाले, "तुम्ही आज कायले आले, ध्यानात आहे ना?"

"आहे. पन बैलाच्या निवाड्यात मी भाच्याले आनत नाही." मग म्हणाले, "आन् खरं सांगू? भाचा यंदा तिसऱ्यांदा मॅट्रिकले बसतो आहे. त्याले घाई नाही."

आतून केसरच्या आईचं हसू ऐकू आलं आणि लगेच भांडी वाजली. पाटील उठले. बैलांसाठी काढलेल्या नैवेद्यातलं एक ताट त्यांनी उचललं आणि कडुनिंबाखाली गेले. आम्ही सगळे मागोमाग. जीपसमोर उभे राहून त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"जगूभाऊ, याचं तोंड कोनतं?"

त्यांचा हात पेट्रोलच्या टाकीकडे वळेल अशी मला धास्ती वाटली. मी घाईघाईनं बॉनेट दाखवलं. पुरणपोळी बॉनेटवर ठेवली गेली, केसरनं कुंकू लावलं. बैल आपला नैवेद्य स्वतः खातो. राजाच्या वतीनं मी खाल्ला. आजवर मी मोटारीसाठी पुष्कळ काही केलं, पण इतक्या आनंदानं दुसरं काही केलेलं आठवत नाही.

सकाळी केसर कॉलेजला निघाली. मला शहरात जायचं होतं, मामांना सडकेवर तुकईथडची मोटर धरायची होती. पाटलांनी मामांना मानानं पुढच्या बाकावर, केसरच्या शेजारी बसवलं, मी मागे. पाटील आज बांधावर गेले नाहीत. गोठ्यात शेण भरत होते, गाडी निघाली तेव्हा त्यांनी फक्त मान वर केली.

नाला आला. रात्रीच्या पावसानं पाणी चढलं होतं. बैलगाडी नाल्यात उतरायच्या आधी माणसं खाली उतरतात, बैलांवर भार नको म्हणून. मामांचा जन्म त्यात गेलेला. त्यांनी जोडे काढून हातात घेतले, धोतर गुडघ्याच्या वर खोचलं आणि एक पाय बाहेर टाकला.

"बसा, मामा," केसर म्हणाली आणि दांडा ओढला. "उतरायचं कारण नाही."

मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. पाय आत घेतला. पलीकडच्या काठावर गाडी चढेपर्यंत जोडे त्यांच्या हातातच होते.